विहाराबाहेरच्या चपला

रूथ,

आमच्यात आत्मा मानत नाहीत. माणूस गेलं की गेलं, दिवा विझल्यावर ज्योत कुठं गेली असं विचारायचं नसतं, हे मीच तुला शंभरदा सुनावलंय. तू हसायचीस. "राहू दे बाई तुझं. मी वर जाऊन तुझ्यासाठी जागा धरते, तू ये मागनं भांडत भांडत." आता सांग, हे मी कुणाला लिहायलेय? तुझी पेटी मातीत उतरताना मी उघड्या डोळ्यांनी पाहिली. मूठभर माती मीही टाकली. तू कुठंच नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं, कारण मी तुझ्याशी बोलत बसले होते.

परवा नाताळ झाला. रेल्वे कॉलनीतल्या तुमच्या चर्चवर चांदणी लावली होती. पाळकसाहेबांच्या घरून माझ्याकडं केक आला. मी तो झाकून ठेवला आणि तसाच वाळून गेला. काय करू? तू नसताना तो कुणाशी वाद घालत खायचा?

पूर्णेच्या एकाच शाळेत आपण दोघींनी जन्म काढला. तू शिवण आणि चित्रकला, मी इतिहास. तू रेल्वेवाल्याची लेक, मी हमालाची. तुझा आवाज कधी चढला नाही, माझा कधी उतरला नाही. शिपाई म्हणायचा, "दोघी मॅडम भांडायल्या म्हंजी मधली सुट्टी झाली." आणि सगळ्यात जुनं भांडण त्या संत निकोलसचं.

लहानपणी तू मिशनच्या वसतिगृहात होतीस. तिथं एक म्हातारी डच मॅडम. डिसेंबर लागला की ती पोरींना चपला दाराशी मांडायला सांगायची, आणि चपलेत संताच्या घोड्यासाठी गाजर ठेवायचं. सकाळी गाजर गायब आणि जागेवर लिमलेटच्या गोळ्या. हे तू इतक्या भाविकपणे सांगायचीस की मला चेवच यायचा. मी म्हणायचे, अगं येडे, तो आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मायरा गावचा बिशप. तिथं कुठला बर्फ आणि कुठली हरणं? त्याची हाडंसुद्धा पुढं इटलीतल्या खलाशांनी उचलून नेली. डचांनी त्याचं नाव बोटीत घालून अमेरिकेला नेलं, तिथं त्याचं पोट सुटलं, लाल झगा आला आणि त्याचा सांता झाला. मधल्या काळात ज्या लोकांनी संत नकोत म्हटलं, त्यांनी त्याचं देणं तेवढं उचलून नाताळावर ठेवलं. संत काढून टाकला, खाऊ ठेवून घेतला!

तू सुईत दोरा ओवत बसायचीस. "झालं तुझं? मग मूळची गोष्ट सांग की."

मूळची गोष्ट तुला पाठ होती, पण तुला ती माझ्या तोंडून ऐकायची असायची. एक गरीब बाप आणि तीन पोरी. घरात दाणा नाही, पोरींची लग्नं व्हायची नाहीत, त्यांना विकायची पाळी आलेली. निकोलसनं अंधारात खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली, एकेका पोरीसाठी एकेक. कुणी म्हणतं ती वाळत घातलेल्या मोज्यात पडली, कुणी म्हणतं पायताणात. म्हणून तिकडची लेकरं हिवाळ्यात बूट मांडून ठेवतात. कुठं निकोलसच्या नावानं, स्पेनमध्ये तीन राजांच्या, इटलीत काही गावांत सांता लुचियाच्या. ही लुचिया तुझी लाडकी. भुयारात लपलेल्यांना जेवण नेताना दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून ती डोक्यावर दिवे बांधायची म्हणे. तू म्हणायचीस, "बघ, बाई होती म्हणून तिला हे सुचलं."

"आणि ते सोनं कशासाठी होतं?" मी उलट विचारायचे. "हुंड्यासाठी! तुझा संत हुंडा भरत होता, रूथ."

"त्यानं पोरी वाचवल्या," तू म्हणायचीस. तिथं आपली गाडी अडायची ती अडायचीच.

तुमच्या चर्चमध्ये निकोलसला थारा नव्हता. आपण संतांचे दिवस पाळत नाही, असं पाळकसाहेबांनी तुला स्पष्ट सांगितलं होतं. शिवाय निम्मे लोक बूट घालूनच आत जाणार. मग त्याच्या दिवशी, सहा डिसेंबरला, चपलांची रांग मिळणार कुठं? तुला ती मिळाली आमच्या विहाराबाहेर. सहा डिसेंबर म्हणजे आमचा महापरिनिर्वाण दिन. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, आत वंदना आणि बाहेर अख्ख्या वस्तीच्या चपला. पहिल्या वर्षी लोक बाहेर आले तर लेकरांच्या चपलांमध्ये लोकरीचे मोजे. अंगठा वेगळा विणलेले, चपलेत बसावेत असे. एका म्हातारीनं बोंब ठोकली, "कुनीतरी करनी केली गं माय!" आम्ही अंगारेधुपारे न मानणारे लोक, आणि आमच्यातल्याच चौघांनी ते मोजे काठीनं उचलून नाल्यात टाकले. मी टाके बघूनच ओळखलं कुणाचं काम आहे ते.

तशीच तणतणत तुझ्या घरी आले होते. आठवतं? म्हटलं, तो आमचा दुःखाचा दिवस आहे, खाऊ वाटायचा नाही, तुझा संत तुझ्या घरी ठेव. तू माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवलास आणि विचारलंस, "दुःखाच्या दिवशी लेकरांचे पाय गार पडत नाहीत का?" आपल्याकडची डिसेंबरातली थंडी काय असते ते मला का माहीत नाही? मी पाणी प्याले आणि गप उठून आले. पुढच्या वर्षी नाल्यात एकही मोजा गेला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बायाच विचारायला लागल्या, "मोजेवाला येऊन गेला का?" तुला त्यांनी पुरुष करून टाकलं, आणि तू तोंडाला पदर लावून हसत बसलीस.

मी कितीदा म्हटलं, उघड दे, चोरासारखं काय देतेस? तेव्हा तू एकदाच सांगितलंस. वसतिगृहात परदेशातून कपड्यांची खोकी यायची. झगा अंगावर चढवून रांगेत उभं राहायचं, फोटो काढून घ्यायचा, हात जोडायचे. "अजून गोरा माणूस दिसला ना सुनंदा, की मी बसलेली उठून उभी राहते. आपोआप. रेल्वे फलाटावरसुद्धा."  पण त्या तुझ्या गप्प राहण्यानं या वर्षी काय करून ठेवलं, ते तू बघितलंस ना? बघितलंस, आणि निघून गेलीस.

दीक्षा आपल्याच शाळेतली. उत्तमची धाकटी. उत्तम सेंट्रिंगच्या कामावर जातो. बायको गेल्यावर तीन पोरी त्यानं एकट्यानं वाढवल्या, स्वतः वेण्या घालून शाळेत आणून सोडायचा. थोरल्या दोघींची लग्नं लावून दिली. दीक्षा बारावी झाली, नांदेडला नर्सिंगला तिचा नंबर लागला, आणि त्याच महिन्यात उत्तमनं मानवतचं स्थळ आणलं. मुलगा जिनिंगवर कामाला. पोरीला अठरा पूर्ण झालेली, म्हणजे कायद्यानं बोलायची सोय नाही. तुझ्या ओट्यावर बसून ती रडली. "पप्पा म्हनायलेत, माज्यात एकदाच उडी मारायची ताकद हाय. लग्नाची मारू का कालेजची?"

मी म्हटलं, मी जाते आणि उत्तमला चांगला फैलावर घेते. तू म्हणालीस, थांब. आणि पोर गेल्यावर कानाला हात लावलास. तुझ्या आईची सोन्याची फुलं. दम लागत असताना, दोन पावलांवर भिंत धरत असताना, तू ती मोज्यात घालून पोरीच्या चपलेत ठेवायचं ठरवून बसली होतीस.

"निदान सोबत एक ओळ लिही. नर्सिंगसाठी म्हणून."

"अक्षर ओळखतील. त्या गल्लीतल्या अर्ध्या पोरींना मीच अक्षर वळवायला शिकवलंय."

"मग मी लिहिते."

"तुझं तर आंधळाही ओळखेल," तू म्हणालीस. आणि शब्द घेतलास माझ्याकडून. कुणाला सांगायचं नाही, मी मेले तरी नाही. मी म्हटलं, मेल्यावर तुला काय कळणार आहे? पण शब्द दिला. तू मागितलास आणि मी दिला नाही असं कधी झालंय का?

सहा डिसेंबरला तू काठी टेकत विहारापाशी आलीस. मी आत वंदनेला बसलेले, पण माझं सगळं लक्ष दाराकडं. बाहेर आलो तेव्हा उत्तम पायरीवर उभा होता, हातात मोजा, तळहातावर ती फुलं. ढसाढसा रडत होता. "कोन्या पुण्यवान मानसानं माज्या लेकीचं लगीन लावून दिलं! नवरदेवाच्या अंगठीचा घोर होता, तो मिटला बगा!" बाया डोळे पुसत होत्या. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवत होतं. दीक्षा एका पायात चप्पल घालून तशीच उभी. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तुझ्याकडं, आणि तू खाली मातीत. तुझ्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी तेव्हाच पाहिला.

सोनं कुठं बोलतं, रूथ? कुणी मला कशासाठी दिलंय हे ते सांगत नाही. बाप म्हणेल तसंच ते होतं.

त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी जे बोलले ते सगळं माझ्या लक्षात आहे. तुझ्या त्या संतानं हुंडा भरला आणि तूही तेच केलंस, असं बोलले. आत्ताच्या आत्ता चल, उत्तमच्या दारात उभं राहून सांगू, असं बोलले. तू म्हणालीस, "त्याला सगळ्या वस्तीसमोर रडताना पाहिलंस ना? आता जाऊन त्याला खोटं पाडू?" मी म्हटलं, मग पोरीचं काय? तू काठी भिंतीला टेकवून ठेवलीस. मग म्हणालीस, "मला विचार करू दे. उद्या ये." मी दुसऱ्या दिवशी आले तर तुझ्या घरापुढं रिक्षा उभी, शेजारणी तुला उचलून आत ठेवतायत. नांदेडच्या वाटेवर तू माझा हात धरून होतीस आणि बोलायला तुझ्यात श्वास नव्हता. काय ठरवलं होतंस? सांग ना. अगं, काय ठरवलं होतंस? मी माफी मागणार नाही, माझंच बरोबर होतं. पण तू उद्या ये म्हणाली होतीस, मी आले होते, आणि तू मला उत्तर न देता गेलीस. असं कुणी जातं का?

तुझ्या मातीला सगळी वस्ती आली. आमच्या बायाही पांढऱ्या साड्या नेसून आल्या. पेटी उघडी होती तेव्हा तुमच्या चर्चमधल्या दोघी माझ्या मागंच कुजबुजल्या, "कानातली फुलं दिसत नाहीत. सुनेनं आधीच काढून घेतली जणू." तुझी सून दोन हातांवर उभी. ती पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली, रडून रडून तोंड सुजलेलं. तिनं ते ऐकलं. खाली मान घातली. मी जीभ दाताखाली धरली, इतकी की तोंडात रक्ताची चव आली. तुझ्या एका शब्दापायी ती पोर चोर ठरली, ती दुसरी पोर मानवतला निघाली आणि मी, जिला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, ती दगडासारखी उभी राहिले. रूथ, त्या दिवशी मला तुझा राग आला. तुझ्या मेलेल्या तोंडाकडं बघून मला राग आला, आणि त्या रागाखाली दुसरं काहीच नव्हतं, नुसता खड्डा होता.

नाताळपर्यंत मी दम धरला. तुझ्या सणात बखेडा नको म्हणून. दुसऱ्या दिवशी गेले उत्तमकडं. त्यानं खुर्ची पुसून दिली. दीक्षा आत भाकऱ्या थापत होती, थापायचा आवाज थांबला. मी सगळं सांगितलं. फुलं कुणाची, कुणाच्या आईची, कशासाठी ठेवलेली. मी शब्द मोडला. ऐकलंस का? मोडला. तुला कळणार नाही म्हणून मोडला असं समजू नकोस. तुला कळेल असंच धरून मोडला.

उत्तम समोर भुईवर बसला. मग म्हणाला, "बाईंनी मला बोलावून सांगितलं असतं तं मी पाया पडलो असतो त्यांच्या. आता कुनाच्या पाया पडू?" मी म्हटलं, पाया नको पडू, पोरीला शिकू दे. तो उठला, पत्र्याच्या पेटीतून मोजा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "आमी काय भीक मागितली होती का, मॅडम? साऱ्या वस्तीपुढं मला रडवलं. घेऊन जावा हे. लगीन मी माज्या घामावर करीन."

तू म्हणत होतीस ते हेच ना? त्याची मान पार छातीला लागली होती. तू बरोबर होतीस. मीही बरोबर होते. आणि दोघी बरोबर असून सोनं माझ्या मांडीवर आलं आणि पोर तिथंच चुलीपुढं राहिली. घरी येऊन मी ती फुलं टेबलावर ठेवली आणि हमसून हमसून रडले. तुझ्या मातीला रडले नव्हते इतकी. कुणाला विचारू? इतक्या वर्षांत असं काही झालं की मी तुझ्याकडं यायचे. तू चुकीचं सांगायचीस, मग मी तुझ्यावर ओरडायचे, आणि ओरडता ओरडता मला काय करायचं ते उमगायचं. आता मी भिंतीवर ओरडू? तुझा देव असेल तर त्याला म्हणावं, एकदा, फक्त एकदा तुला खिडकीशी पाठव. मी पायताणं मांडून ठेवते. गाजर ठेवते. मी, सुनंदा, गाजर ठेवते, बघ.

तू आली नाहीस. येणार नव्हतीसच.

आज सकाळी दीक्षा आली. आंघोळ करून, वेणी घालून, खांद्याला कॉलेजची पिशवी. बस म्हटलं तर बसली नाही.

"मॅडम, फुलं द्या."

"अगं, तुझ्या वडलांनी परत दिलीत ती."

"ती कुनाच्या चपलेत घातली व्हती?"

"तुझ्या."

"मग पप्पा परत देनारे कोन? आन् तुमी ठेवून घेनाऱ्या तरी कोन?" एवढं बोलून तिनं हात पुढं केला. "मला बाईंच्या मातीलाच कळालं. त्यांचे कान उघडे दिसले. मी तवाच ठरवलं. पन मागायचं कुनाला, ते कळंना."

मी मोजा तिच्या हातात दिला. तिनं उलटा करून दोन्ही फुलं आहेत का बघितलं. मग म्हणाली, "आता माज्यासंगं सराफाकडं चला. मी एकटी गेले तं तो पोलिसात देईल."

नांदेडच्या कॉलेजात फोन केला होता, तुला सांगते. फी भरली नाही म्हणून तिची जागा गेली आणि शेवटची यादीही लागून गेली आहे. आणखी एक फेरी निघेल की नाही ते तिथल्या बाबूलाच माहीत नाही. मानवतकडची माणसं परवा तारीख काढायला येणार आहेत. उत्तम घरात कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. हे सगळं दीक्षा मला रिक्षात सांगत होती आणि मी तिचा हात धरून ठेवला होता, जसा तू माझा धरला होतास. काही धड होईल असं मला वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

सराफानं फुलं काट्यावर ठेवली. चष्म्यावरून आधी पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. दागिना जुना दिसतो म्हणाला. मग मलाच विचारलं, "मॅडम, कुणाचा आहे?"

तुझं नाव माझ्या ओठावर आलं होतं, रूथ. तेवढ्यात ती पोर म्हणाली, "माजा हाय."

मी गप्प बसले.